दहा बटणांचे सूर

लहानपणी कनिशायला कुणी विचारलं, तुझं काम काय गं, तर ती ठसक्यात सांगायची, "बघणं." आणि ते खोटं नव्हतं. बिश्केकच्या पूर्वेला, ब्रश आणि विजेची सॉकेटं बनवणाऱ्या जुन्या कारखान्यामागे अंधांच्या संस्थेच्या तीन इमारती आहेत. मधल्या इमारतीत तिचा जन्म. आई अंध, बाप अंध, जिन्यावरची बाराही बिऱ्हाडं अंध, आणि त्यात डोळस अशी ही एवढीशी एकटी. विजेचं बिल आलं, हाका मारा कनिशला. गावाकडून पत्र आलं, कनिशला. पिठात किडे झालेत का, कोटाची शिवण उसवलीय का, कनिशला. तिसऱ्या मजल्यावरची कालिपा लग्नाला निघाली की ओठांची लाली नीट लागलीय ना ते तिच्याकडून तपासून घ्यायची, आणि ही कार्टी मुद्दाम "नाकाला लागलीय" म्हणून तिला परत आत पाठवायची.

ती सहा वर्षांची असताना बाप गेला. आई, सायरा, कारखान्यात दिवसभर ब्रश बांधायची आणि संध्याकाळी संस्थेच्या गायनवृंदात गायची. मग पोरीला सांभाळायचं कुणी? तळमजल्यावरचा जुमादिल सांभाळायचा. तो पियानोचे सूर लावायचा. तेव्हा शहरातल्या प्रत्येक शाळेत एक पियानो असे आणि तो वर्षातून दोनदा बिघडत असे. जुमादिल कनिशचा हात धरून शाळेशाळेत जायचा. रस्ता ती दाखवायची, बाकीचं सगळं तो. पियानोचं झाकण उघडून तो दोन तारा एकदम छेडायचा आणि म्हणायचा, "ऐक पोरी. आत कुणीतरी थरथरतंय ना? ते थरथरणं थांबलं की काम झालं." तिला ऐकू यायचं. थोडंसंच, पण यायचं. घरी परतताना तो तिला मांस भरलेला एक गरम समसा घेऊन द्यायचा, आणि अर्धा स्वतः खायचा.

पुढे सोव्हिएत देश मोडला. पियानो लोकांनी विकले, काहींनी थंडीत जाळलेसुद्धा. जुमादिल लग्नांत अकॉर्डियन वाजवायला लागला. कनिशाय गणितात हुशार निघाली, पॉलिटेक्निकला गेली, शिकली, लग्न केलं, ते मोडलं, आणि एका मुलीला घेऊन पुन्हा आईजवळ राहायला आली. आणि अशी ती एका छोट्या कंपनीत लागली, गालिच्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर, एकोणीस माणसांची कंपनी, जिचं नाव सांगून तुम्हाला काही उपयोग नाही.

काम कार्डाच्या यंत्राचं. दुकानात आपण कार्ड खुपसतो ना, ते हातात मावणारं यंत्र. कार्डावरची सोनेरी टिकली म्हणजे एक इवलासा संगणकच असतो. यंत्र आणि ती टिकली दोघं आपसात बोलतात, तू खरा का, मी खरी का, नंबर बरोबर का, आणि मग कुठे व्यवहार होतो. हे बोलणं ज्या प्रोग्रॅमनं चालतं त्याला कंपनीत सगळे गाभा म्हणायचे. गाभा एकदाच लिहिलेला. यंत्र चिनी असो, तुर्की असो, त्याची चिप कुठलीही असो, गाभा तोच, एक अक्षर न बदलता सगळीकडे चालणार. त्याच्याखाली प्रत्येक यंत्रासाठी एक पातळ थर लिहायचा: कुठलं बटण कुठे, पावती कशी छापायची, पीप कसं वाजवायचं. तो थर लिहायचा कनिशायनं. दहा वर्षांत तिनं सतरा जातीच्या यंत्रांवर तो गाभा बसवला. नवीन यंत्र आलं की परदेशातल्या प्रयोगशाळेत तपासणीला जायचं, आठ-आठ महिने रखडायचं, आणि मग शिक्का मिळायचा. शिक्का मिळाल्यावर कशालाही हात लावायचा नाही. मालक एर्मेक तिच्याहून सात वर्षांनी लहान, पण तोंड मोठं. "एजे," तो म्हणायचा, आमच्याकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात, "शिक्क्याच्या मालाला बोट लावलंत तर ते बोट मी कापून बँकेला पाठवीन."

नियम शेकड्यांनी होते. त्यातला एक अगदी साधा: गुप्त नंबर दाबताना सगळ्या बटणांचा आवाज एकसारखा हवा. का, ते सांगायला नको.

आता सायराचं ऐका. साठीनंतर तिला साखरेचा आजार लागला, आणि त्यानं आधी तिची बोटं खाल्ली. म्हणजे बोटं होती जागेवर, पण त्यांना काही कळेनासं झालं. उठावाची ब्रेल अक्षरं वाचता येईनात. चाळीस वर्षं रोज रात्री पोटावर पुस्तक ठेवून वाचणारी बाई, तिनं सगळी पुस्तकं एका दुपारी संस्थेला परत केली.  पण मग कार्डाची पंचाईत झाली. पेन्शन कार्डावर येते. यंत्राच्या पाचाच्या बटणावर एक बारीक टिंब असतं, त्यावरून सगळे अंध नंबर दाबतात. सायराला ते टिंब लागेना. आणि ती सोनेरी टिकली स्वतः मोजत असते. तीन वेळा चुकलात की कार्ड आपणहून कुलूपबंद. सहा महिन्यांत दोनदा बँकेत जाऊन रांगेत उभं राहावं लागलं. खिडकीतली बाई सायराकडे न बघता कनिशायला म्हणाली, "यांना नंबर तुम्हाला सांगून ठेवायला सांगा ना."

ट्रॉलीबसमध्ये कनिशाय आईला हळूच म्हणाली, "आपा, सांग की मला. मी आणत जाईन सामान."

सायरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. "सगळं आयुष्य माझं कुणीतरी बघितलेलं आहे, कनिश. माझी पत्रं तू वाचलीस. माझे कपडे धुतल्यावर डाग राहिलेत का ते शेजारणींनी सांगितलं. एवढे चार आकडे तेवढे कुणी बघितलेले नाहीत. ते मी नाही सांगणार. तुला तर मुळीच नाही."

तर या बाईसाठी तिच्या पोरीनं काय केलं? इमारतीच्या तळाशी मक्सातचं दुकान आहे. भाकरी, दूध, साबण, औषधं, सगळं मिळतं, आणि आमच्या तिन्ही इमारती तिथेच जातात. त्या दुकानात कंपनीचं नवं यंत्र लागायचं होतं. कनिशायनं खालच्या थरात चार ओळी टाकल्या: या एकाच क्रमांकाच्या यंत्रावर दहा बटणांचे दहा सूर. फरक केवढा? केसाएवढा. शून्याचा सगळ्यात खालचा, मग एकाचा, नवाचा सगळ्यात वरचा, आणि तरी सगळं मिळून एका स्वराच्या आतलं. कुणाही माणसाला ते पीप-पीप-पीपच वाटेल. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं वृंदात मुख्य सुराखालचा दुसरा आवाज गायला, तिला कळेल.

"कुणाजवळ बोलायचं नाही, आपा. माझी नोकरी जाईल. तुरुंगसुद्धा होईल."

"मी काय कालिपा आहे, गावभर सांगायला?" सायरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी दुकानात गेली. एक बटण दाबलं, ऐकलं, चुकलं, खोडलं, पुन्हा दाबलं. वेळ लागला. मागे रांग कुरकुरली. पण ती भाकरी आणि ताकाची बाटली घेऊन वर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की कनिशायला रडू आलं. चूक होती का? होती. मी तिला माफ करा म्हणत नाही. पण मी शेजारच्या इमारतीतली, डोळस, तो चेहरा मी पाहिलाय.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग मार्चमध्ये नवरोज आला, नव्या वर्षाचा सण.

अंगणात मोठ्या कढईत सुमोलोक शिजला होता, तो गोड, तपकिरी, गव्हाच्या मोडांचा. टेबलं बाहेर काढली होती. मक्सातनं दुकानातर्फे लिंबूपाणी फुकट वाटलं आणि स्वतः खुर्ची ओढून सगळ्यांत बसला, फोनवर चित्रफीत काढत. चांगला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. जुमादिल अकॉर्डियन घेऊन बसला. दोन-चार गाणी झाल्यावर तो थांबला, आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं जे आलं की बायका आधीच ओरडायच्या.

त्यानं चार सूर वाजवले. "ओळखा, कुणाचं गाणं?"

"हे कसलं गाणं? मांजर पायऱ्यांवरनं पडल्यासारखं," कालिपा म्हणाली.

"तुझंच आहे, बाई." तो उठला, काठी टेकत तिच्याजवळ गेला, आणि तिच्या कानात काहीतरी बोलला.

"अगं आई गं!" कालिपा किंचाळली. "माझा नंबर! हा मेला माझा कार्डाचा नंबर सांगतोय!"

सगळं अंगण हसायला लागलं. "तुला कसा रे कळला?"

"मक्सातचं यंत्र गातं," जुमादिल म्हणाला. "तुमच्या कानांत मेण आहे म्हणून तुम्हाला कळत नाही. शून्य सगळ्यात खाली, मग एक, मग दोन, अशी शिडी आहे. बारीक आहे, मी तुमच्यासाठी ताणून मोठी केली." आणि त्यानं दहा सूर ओळीनं वाजवून दाखवले.

मग काय, बायकांना चेवच चढला. माझं वाजव, माझं वाजव. त्यानं पाच जणींचं वाजवलं. प्रत्येकीच्या कानात जाऊन आकडे सांगितले, प्रत्येक बाई किंचाळली, प्रत्येक वेळी अंगण खदखदलं. सायराचं मात्र त्यानं वाजवलं नाही. "सायराचं गाणं खासगी आहे," तो म्हणाला, आणि बायकांनी त्यावरही त्याला छेडलं.

कनिशायच्या हातातली बशी कलंडून सुमोलोक तिच्या बुटांवर सांडला.  ज्या माणसानं तिला ऐकायला शिकवलं तो ऐकणार नाही असं तिला वाटलंच कसं? समोर सायरा तिच्या दिशेला तोंड करून बसली होती, हसत नव्हती.

रात्रीच ते चार ओळींचं काम काढून टाकायला हवं होतं. तिनं तसं आईला म्हटलंही. सायरा म्हणाली, "म्हणजे मी पुन्हा लाचार." मग कनिशायनं म्हटलं, गंमत झाली, लोक विसरतील. लोक विसरले. नंबर बदलायचा तर बँकेत जायचं, रांग लावायची, कुणा डोळसाला सोबत न्यायचं, कोण करतंय? एकीनंही बदलला नाही.

एप्रिलमध्ये कार्डं दुकानात राहायला लागली. म्हणजे असं: कालिपा भाकरी घेऊन घरी आली आणि पाकिटात कार्ड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मक्सात स्वतः तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला. "कालिपा एजे, यंत्रातच राहिलं होतं हो. मला मेल्यालाही दिसलं नाही." तिनं त्याला चहा पाजला, दोन्ही हात पसरून दुवा दिली. मग दुसऱ्या एकीचं राहिलं. मग तिसरीचं. मक्सात आपला प्रत्येकीला घरपोच.

मे महिन्यात कालिपाच्या फोननं शिल्लक वाचून दाखवली आणि ती जिन्यात मटकन बसली. तिनं नातवाच्या शस्त्रक्रियेसाठी दोन वर्षं साठवलेलं सगळं गेलं होतं. मग एकेकीनं आपापला फोन कानाला लावला. पाच जणी. त्याच पाच.

तुम्ही म्हणाल, मक्सातवर कसा संशय आला नाही? अहो, तो तर कार्ड परत आणून देणारा माणूस. आणि नंबर कुणाला माहीत होते? शंभर माणसांसमोर कुणी वाजवून दाखवले? बँकेनं सांगितलं की रस्त्यापलीकडच्या एटीएममधून टोपी घातलेल्या आणि तोंडावर फडकं बांधलेल्या एका माणसानं पैसे काढलेत, चालतो डोळसासारखा. लोकांनी हिशोब जुळवला. जुमादिलला डोळस साथीदार असणार. ज्या बायका त्याला माझं वाजव म्हणून ओरडत होत्या त्यांनी त्याच्या दारासमोरून जाताना थुंकायला सुरुवात केली. आवाज करून थुंकायच्या, त्याला ऐकू जावं म्हणून. कुणीतरी त्याची अकॉर्डियन जिन्यावरून खाली फेकली.

तो म्हणत राहिला, "अरे, यंत्र गातं. जाऊन ऐका तरी." संस्थेचे अध्यक्ष सात्तारोव म्हणाले, ठीक, आणू यंत्र, सगळ्यांसमोर ऐकू.

आणि बँकेनं कंपनीला कळवलं, तज्ज्ञ पाठवा. एर्मेकनं कनिशायला सांगितलं, "एजे, तुमचंच घर आहे तिकडे, तुम्हीच जा. कुणी म्हातारा म्हणतोय की आपल्या बटणांचे आवाज वेगळे येतात. असं निघालं ना, तर शिक्का गेला, बँक गेली, उद्या आपण एकोणीस जण दोर्दोयच्या बाजारात मोजे विकू." तो हसला. तिनंही हसून दाखवलं.

सुनावणीच्या दोन दिवस आधी तिनं त्या चार ओळी काढल्या. तिनं स्वतःला काय सांगितलं माहितीये? की चोरी थांबवायला काढतेय. आणखी कुणाचा नंबर फुटू नये म्हणून. ते निम्मं खरंही होतं. पण उरलेलं निम्मं तिला पुरतं ठाऊक होतं. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असं मला विचारू नका.

संस्थेच्या सभागृहात माणूस मावत नव्हता. टेबलावर यंत्र. सात्तारोव, बँकेचा एक तरुण, ठाण्याचा एक हवालदार. जुमादिल इस्त्री केलेला कोट घालून आला होता, जणू लग्नात वाजवायला निघालाय. "ती आली का? कनिश आली?" त्यानं विचारलं. तिची चाहूल लागली तसा तो खांदे सैल सोडून बसला. आता सगळं ठीक होणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

कनिशायनं शून्यापासून नवापर्यंत सगळी बटणं दाबली. पीप. पीप. पीप. पुन्हा दाबली.

जुमादिलनं मान वाकडी केली. "पुन्हा एकदा, पोरी. हळूहळू."

तिनं हळूहळू दाबली. 

"हे तेच यंत्र नाही," तो म्हणाला.

बँकेच्या तरुणानं यंत्राचा क्रमांक वाचून दाखवला, मक्सातनं उठून तोच असल्याचं सांगितलं. "आबा," तो अगदी मायेनं म्हणाला, "माझ्या दुकानात दुसरं यंत्र आहेच कुठे?"

"कनिश," जुमादिल म्हणाला, "तू सांग. तुला माहीत असेल. असं होऊ शकतं ना?"

कनिशायनं यंत्रावरचं बोट काढलं. "नियमाप्रमाणे सगळ्या बटणांचा आवाज एकच असतो, आबा."

नियम तर तोच होता. एक अक्षर खोटं बोलली नाही, बया.

 मग तो हवेत तोंड फिरवून म्हणाला, "सायरा कुठे आहे? सायरा, तू बोल. या सगळ्यांत कान म्हणावा तर तुझाच आहे. तू ऐकलं असणार. तू थांबून थांबून दाबायचीस, मी मागे रांगेत असायचो, मला कळायचं तू सुरावरून दाबतेयस. बोल की."

सायरा दुसऱ्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली. कनिशायला वाटलं, आता हिनं सांगावं. खरंच वाटलं. त्या एका क्षणी तिला सगळं संपून जावंसं वाटलं.

"मला," सायरा म्हणाली, आणि थांबली. "मला सगळे एकसारखेच ऐकू यायचे, जुमादिल."

मग कालिपा ओरडली, दुसरीनं शिव्या घातल्या, आणि पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही. हवालदाराला पुरावा पुरेसा वाटला नाही, म्हणून तुरुंग टळला. पण संस्थेनं खोली काढून घेतली. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पन्नास वर्षं त्या तळमजल्यावर राहिलेला. त्याची बहीण डोंगरातल्या आत-बाशी गावाहून गाडी करून आली आणि त्याला घेऊन गेली. निरोपाला कुणी बाहेर आलं नाही. जाताना तो बहिणीला एकसारखं विचारत होता, "माझे कान गेले असतील का गं? तुला माझ्या बोलण्यात काही फरक वाटतो का?"

घरी सायरानं एवढंच म्हटलं, "मी आई आहे. यावर माझ्याशी पुन्हा बोलायचं नाही." ती त्यानंतर दुकानात गेली नाही. सामान कनिशाय आणायची, स्वतःच्या पैशांनी. कार्ड तसंच कपाटात पडून राहिलं.

सप्टेंबरात मक्सात दुसऱ्याच पेठेत कुणाचं तरी कार्ड वापरताना सापडला. घराच्या झडतीत नवरोजची चित्रफीत निघाली, आणि कागदावर पाच नंबर, बाजूला नावं. कनिशायला वाटलं, सुटला. जुमादिल आबा सुटला! ती धावत अंगणात आली, तर बायका बाकावर बसून म्हणत होत्या, "तरीच! म्हातारा नंबर सांगायचा, हा काढायचा. जोडी होती मेल्यांची."

"अहो, पण त्यानं चित्रफितीवरून काढले," कनिशाय म्हणाली.

"आणि म्हाताऱ्याला कुठून कळले? यंत्र गातं म्हणे!" कालिपा म्हणाली. "तूच तर दाबून दाखवलंस, कनिश."

ऑक्टोबरात ती आत-बाशीला गेली. खिंडीत बर्फ पडलं होतं, टॅक्सीला नऊ तास लागले. जुमादिल बहिणीच्या घरी शेगडीजवळ बसला होता, अंगावर चपानाचा जाड झगा, अंगानं निम्मा झालेला. तिच्या पावलांवरून त्यानं ओळखलं. बहिणीनं चहा आणि तळलेले बोरसोक ठेवले आणि ती गुरांकडे गेली.

कनिशायनं सगळं सांगितलं. आईची बोटं, चार ओळी, सुनावणीच्या आधी दोन दिवस. रडली नाही, रडायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

आणि तो हसायला लागला. असा हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे गात होतं! अगं, गात होतं ना ते! पाच महिने मी झोपलो नाही, पोरी. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. बहिणीची चमची बशीवर वाजली तरी मी स्वतःला विचारायचो, हा सूर खरा की माझ्या मनातला." त्यानं तिचा हात चाचपून धरला. "गात होतं. छान लावले होतेस गं तू. सातवा जरा चढा होता."

तिला वाटलं, यापेक्षा मारलं असतं तर बरं.

मग तो थांबला. "आता तू चल आणि त्यांच्यासमोर सांग. बाकी मला काही नको. खोली नको, वाजवायलाही नको. फक्त कालिपानं ऐकावं की मी तिच्या नातवाचे पैसे नाही खाल्ले."

 नोकरीचं कनिशाय ठरवून आली होती. गेली तर गेली. ते नऊ तासांत पक्कं झालं होतं. पण नऊ तासांत दुसरंही एक सुचलं होतं, आणि ते तिच्या जिभेवर अडकलं.

त्यानं वाट बघितली. मग त्याचा आवाज बदलला. "सायराला माहीत होतं? की खरंच तिला ऐकू आलं नव्हतं?"

"तिला," कनिशाय म्हणाली, आणि थांबली. "तिला हल्ली कमी ऐकू येतं, आबा."

जुमादिलनं तिचा हात सोडला. 

"तीही असंच मध्ये थांबून बोलली होती," तो म्हणाला.

त्यानं पेला चाचपून उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तू जर अंगणात उभी राहून सांगितलंस, तर पहिला प्रश्न तिला विचारतील. सायरा, मग तू का खोटं बोललीस? आणि तिला त्याच जिन्यावर मरायचंय. त्याच बायका तिला शेवटची आंघोळ घालणार." त्यानं मान हलवली. "मी तर निघून आलोच आहे. राहू दे. नको सांगूस."

"आबा, असं कसं..."

"राहू दे म्हटलं ना."

आणि तेव्हा कनिशायला हायसं वाटलं. हे तिनं नंतर मला स्वतः सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. आधी लाज वाटली नाही, दुःख वाटलं नाही, आधी छातीवरचं ओझं उतरलं आणि तिनं एक लांब श्वास सोडला. त्या खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता, आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. त्यानं तोंड दाराकडे फिरवलं आणि बहिणीला हाक मारली, पाहुणीला टॅक्सीपर्यंत सोड म्हणून.